मॅनेजर की हेड कोच? आधी खुर्ची बघा, मग नावं काढा

28 ऑक्टोबर 2024, वसुबारस. नाशिकच्या महात्मानगरला मित्राच्या दारात पहिल्या पणत्या लागल्या होत्या आणि आम्ही चौघे गच्चीवर मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा नवा मॅनेजर नेमत बसलो होतो. आधीच्या मॅनेजरला, एरिक टेन हागला, नारळ दिल्याची बातमी त्याच संध्याकाळी आली होती. एकाला झिदान हवा होता, एकाला झावी. साउथगेटचं नाव निघालं की तिसरा गच्चीवरून उडी मारायची धमकी द्यायचा.

मित्राचे वडील चकल्यांचं ताट घेऊन वर आले. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "मॅनेजरसाठी कसले भांडताय रे? तिकिटं नि हॉटेलं बघणारा माणूस तो. कोच कोण येतोय ते बोला की."

आम्ही हसलो. त्या गच्चीवर शब्दाकडे नीट बघणारे काका एकटेच होते, हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं.

काकांचं गणित क्रिकेटचं. 1983 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर कोच नव्हताच. होते ते मॅनेजर, हैदराबादचे पी. आर. मानसिंग. प्रवास, सरबराई, कागदपत्रं सगळं त्यांच्याकडे. पुढे नव्वदच्या दशकात अजित वाडेकर 'क्रिकेट मॅनेजर' झाले, तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ बदलला. वाडेकर तिकिटं काढत नव्हते, संघाची तयारी आणि डावपेच बघत होते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेला कधी गेला असाल तर तिसरा मॅनेजरही भेटला असेल: काखेत प्लॅस्टिकची फाइल, फाइलीत पोरांचे जन्मदाखले आणि आधारच्या झेरॉक्स, हातात केळ्यांचा फणा. आपल्याकडे फुटबॉलमध्येही 'टीम मॅनेजर' म्हटलं की हाच माणूस डोळ्यांपुढे येतो. राष्ट्रीय संघाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील नेमले गेले ते हेड कोच म्हणून. मॅनेजर म्हटलं असतं तर काकांसारख्यांना वाटलं असतं, यांना व्हिसाच्या कामाला घेतलं.

इंग्लंडातला मॅनेजर हा यातला कुणीच नाही. हे पद तिथल्याच मातीतलं. पूर्वी तिकडे संघसुद्धा क्लबचे संचालक निवडायचे, कमिटी बसून. ती सूत्रं स्वतःकडे घेणाऱ्यांत हर्बर्ट चॅपमन यांचं नाव सगळ्यात मोठं. 1925 साली ते आर्सेनलला आले आणि संघ कोणता, खेळाडू कोण, सराव कसा, हे सगळं आपल्या मुठीत घेतलं. जवळच्या गिलेस्पी रोड नावाच्या ट्यूब स्टेशनाचं नाव 1932 साली बदलून 'आर्सेनल' झालं, तेही त्यांच्याच पाठपुराव्याने. मॅनेजरचा हात कुठपर्यंत पोचायचा ते बघा.

या जातीचा शेवटचा मोठा माणूस म्हणजे ॲलेक्स फर्ग्युसन. युनायटेडमध्ये नोव्हेंबर 1986 ते मे 2013, तेरा लीग विजेतेपदं. आल्या आल्या त्यांनी हात घातला तो पोरांच्या संघांना आणि खेळाडू हेरणाऱ्या माणसांना. कोण घ्यायचा, कोण विकायचा, सतरा वर्षांच्या कुठल्या पोराला संधी द्यायची, यावर शेवटचा शब्द त्यांचा. आमच्या पिढीने 'मॅनेजर' हा शब्द त्यांच्या तोंडाकडे बघत पाठ केला आणि तिथेच आमची फसगत झाली.

हेड कोचचं काम त्यातला एक तुकडा आहे. सराव घ्यायचा, अकरा जण निवडायचे, सामन्यात बदल करायचे, शनिवारी जिंकायचं. खेळाडू शोधणं, किंमत ठरवणं, करार, पुढच्या पाच वर्षांची आखणी हे स्पोर्टिंग डायरेक्टर आणि त्याच्या माणसांकडे. कोचला विचारतात, ऐकतातही, पण सही दुसऱ्याची. स्पेन-इटलीत हीच जुनी रीत आहे. (तिथले खेळाडू मात्र आपल्या कोचला 'मिस्टर' म्हणतात, पूर्वी आलेल्या इंग्रज प्रशिक्षकांची ती आठवण असं सांगतात.) स्पेनच्या सेव्हिया क्लबचंच बघा. मोंची नावाचा त्यांचाच जुना गोलकीपर 2000 साली स्पोर्टिंग डायरेक्टर झाला. 2006 आणि 2007 ला युएफा कप (पुढे त्याचंच नाव युरोपा लीग झालं) आला तेव्हा कोच हुआंदे रामोस होते, 2014 पासून लागोपाठ तीन युरोपा लीग आल्या तेव्हा उनाई एमरी. कोच बदलला तरी घर मोडत नाही, हा या पद्धतीचा फायदा. आणि कोच बदलणं सोपं जातं, हाही. तो फायदा कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

दोन्ही पदांना सामन्याच्या दिवशी तीच टचलाइन, तोच कोट, त्याच शिव्या. बाहेरून फरक दिसत नाही. दिसतो तो भांडण लागल्यावर. केव्हिन कीगनचा किस्सा त्यासाठीच मला फार आवडतो.

जानेवारी 2008 मध्ये कीगन न्यूकॅसलला परत आले, मॅनेजर म्हणून. गावाचा लाडका माणूस. काही दिवसांतच क्लबने त्यांच्या वरच्या बाजूला डेनिस वाइज यांना आणून बसवलं, खेळाडूंची खरेदी बघायला. ऑगस्टच्या शेवटी वाइज यांनी कळवलं की इग्नासिओ गोन्झालेझ नावाचा उरुग्वेचा खेळाडू व्हॅलेन्सियाहून उसना घेतोय. कीगननी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. क्लबातल्या कुणी त्याला खेळताना पाहिलेलं नव्हतं. उत्तर मिळालं, यूट्यूबवर बघा. कीगननी बघितलं, नको म्हणाले. तरी खेळाडू आला, कारण दक्षिण अमेरिकेतल्या दोन एजंटांवर उपकार करून ठेवायचे होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कीगन राजीनामा देऊन मोकळे झाले.

प्रकरण लवादापुढे गेलं. तिथे प्रश्न एकच होता: हा माणूस मॅनेजर होता की नव्हता? क्लबचं म्हणणं, शेवटचा शब्द वाइज यांचाच होता आणि कीगनना ते ठाऊक होतं. मग तुम्ही लोकांना वेळोवेळी सांगितलंत की शेवटचा शब्द कीगनचा, ते काय होतं? क्लबने कबूल केलं की ते खरं नव्हतं, ते फक्त प्रसिद्धीसाठी बोललं गेलं होतं. ऑक्टोबर 2009 मध्ये लवादाने निकाल दिला की मॅनेजर म्हणून नेमलेल्या माणसाला खेळाडूंच्या बाबतीत शेवटचा शब्द मिळायला हवा होता, आणि तो न देऊन क्लबने त्यांना जायला भाग पाडलं. भरपाई 20 लाख पाउंड, वर व्याज. तोवर न्यूकॅसल खालच्या डिव्हिजनमध्ये पोचलेही होते.

आमच्यातला एक सातपूरला कंपनीत प्रॉडक्शनला आहे. हा किस्सा ऐकून तो म्हणाला, "यात नवीन काय? माल परचेस आणतं, रिजेक्शन माझ्या नावावर पडतं." मी त्यापेक्षा चांगली व्याख्या कुठे वाचलेली नाही.

आता गंमत अशी की पाटी आणि अधिकार नेहमी जोडीने येत नाहीत. पेप ग्वार्डिओला 2016 साली मँचेस्टर सिटीला आले ते मॅनेजर म्हणून, पण चिकी बेगिरिस्टाइन चार वर्षं आधीच तिथे फुटबॉल डायरेक्टर होऊन बसले होते आणि घडी त्यांनी घालून ठेवली होती. उलट स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिदमध्ये सिमेओने 2011 च्या डिसेंबरपासून आहेत. स्पॅनिशमध्ये पद प्रशिक्षकाचं, वजन मात्र जुन्या इंग्लिश मॅनेजरचं. म्हणून नुसत्या पाटीवर जाऊ नका.

पण पाटी बदलली की काहीतरी बदललंय, एवढं नक्की. आर्सेनलने जुने मॅनेजर वेंगर गेल्यावर 2018 साली उनाई एमरींना हेड कोच म्हटलं. डिसेंबर 2019 मध्ये आलेले आर्तेताही हेड कोचच होते. 1 ऑगस्ट 2020 ला त्यांनी चेल्सीला हरवून एफए कप आणला आणि सप्टेंबरमध्ये क्लबने त्यांचं पद बदलून मॅनेजर केलं, जबाबदारी वाढवली. बढती म्हणतात ती हीच. लिव्हरपूल दुसऱ्या दिशेने गेलं. क्लॉप मॅनेजर होते, 2024 मध्ये त्यांच्या जागी आलेले आर्ने स्लॉट हेड कोच, शेजारी स्पोर्टिंग डायरेक्टर रिचर्ड ह्यूज. पहिल्याच वर्षी लीग जिंकली. त्यामुळे हेड कोच म्हणजे पगारी पडेल ते काम करणारा, असं समजायचं कारण नाही. मागची घडी नीट असेल तर हेच पद सोन्यासारखं आहे.

आणि घडी नसेल तर काय होतं, ते आम्ही पाहिलं. 1 नोव्हेंबर 2024 ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, युनायटेडने रुबेन अमोरिम यांचं नाव जाहीर केलं. निवेदनात 'हेड कोच' असं स्वच्छ लिहिलं होतं. टेन हाग मात्र मॅनेजर होते. आम्ही चौघांनी ते वाचलं आणि चौघांपैकी एकालाही तो शब्द दिसला नाही. आम्ही अमोरिमची तीन बचावपटूंची रचना चालेल का, यावर बोलत बसलो.

दिंडोरीकडे ज्याची द्राक्षबाग आहे तो मित्र त्या दिवसांत गोडी छाटणीच्या गडबडीत होता. नंतर एकदा तोच म्हणाला, भो, ऑक्टोबरला छाटायला आलेल्या माणसाला घड कमी का आले म्हणून विचारून काय उपयोग? काडी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तयार होते, घड तिथेच ठरतो. अमोरिम नोव्हेंबरमध्ये आले. संघ उन्हाळ्यात दुसऱ्यासाठी भरलेला, रचना यांची वेगळी. लीगमध्ये पंधरावं स्थान, बिलबाओत युरोपा लीगची फायनल टॉटनमकडून 1-0 अशी गेली. त्यांच्या चुका नव्हत्या असं मी म्हणणार नाही. रचना हट्टाने न बदलणं ही त्यांची स्वतःचीच चूक. पण बागेची एप्रिल त्यांच्या हातात कधीच नव्हती.

4 जानेवारी 2026 ला लीड्सशी 1-1 बरोबरी झाली. पत्रकारांपुढे अमोरिम तडकले आणि म्हणाले की मी इथे मॅनेजर व्हायला आलो, कोच व्हायला नाही. करारावर नेमका उलटा शब्द होता. दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं.

म्हणजे आम्ही गच्चीवर झिदान की झावी करत होतो, तेव्हा मुळात जागा कुठली भरायची होती हेच बघितलं नव्हतं. झिदानने रिआल माद्रिदला लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग जिंकून दिल्या त्या हेड कोचच्याच खुर्चीत. खरेदीची सूत्रं तिथे अध्यक्ष फ्लोरेंटिनो पेरेझ यांच्याकडे. तयार मोठ्या खेळाडूंना सांभाळून घेणं ही त्याची खुबी. अशा माणसाकडून मोडकं घर पायापासून बांधून घ्यायची अपेक्षा धरणं म्हणजे त्याला फर्ग्युसनच्या कामाला बोलावण्यासारखं. हेड कोच शोधताना हातातल्या खेळाडूंना त्याची पद्धत मानवेल का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. मॅनेजर शोधताना त्याने आधी कुठे काही उभं केलंय का, किती वर्षं टिकलाय, कुणाशी भांडून का निघालाय, हे बघायचं. आणि दोन्ही वेळा एक प्रश्न सामाईक: स्पोर्टिंग डायरेक्टर कोण आहे, आणि तो अजून किती दिवस आहे? युनायटेडने मोठा गाजावाजा करून आणलेले डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत गेले होते. त्या दिवशी गच्चीवर कुणी बैठक बोलावली नव्हती.

अमोरिम गेले त्या रात्री आम्ही पुन्हा जमलो. थंडी चांगली पडली होती, काकांनी मफलर गुंडाळली होती. नावं निघायला लागली तसा काकांनी हात वर केला.

"थांबा. या वेळी तिकिटं बघणारा पाहिजे की शिकवणारा?"

सातपूरवाला म्हणाला, "काका, आधी परचेसवाला पाहिजे."