कोण जिंकला असता आणि कोण थोर होता?

कधीही न झालेली बॉक्सिंगची एक लढत जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दाखवली गेली. रॉकी मार्सियानो विरुद्ध मुहम्मद अली. एक १९५० च्या दशकातला जगज्जेता, दुसरा १९६० च्या. दोघांची माहिती संगणकात भरली होती आणि दोघांनीही स्टुडिओत येऊन फेऱ्यांचं चित्रण करून दिलं होतं, वेगवेगळ्या शेवटांसह. अमेरिकेत मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला नॉकआउट केल्याचं दाखवलं. युरोपातल्या आवृत्तीत अली जिंकला. मार्सियानोला यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात तो गेला होता.

अशा लढतींवरचे वाद आजही तितकेच तापतात. तापतात म्हणून तक्रार नाही, मीही त्यात उतरतो. पण बहुतेक वेळा दोघं भांडणारे दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. ‘समोरासमोर कोण जिंकला असता?’ हा एक प्रश्न. ‘मोठा कोण?’ हा दुसरा.

पहिला प्रश्न शरीराचा, तंत्राचा आणि नियमांचा. मार्सियानोची उंची पाच फूट साडेदहा इंच, वजन ८४ किलोंच्या आसपास, हातांचा पल्ला जेमतेम ६८ इंच. आजच्या वजनगटांत तो हेवीवेटमध्ये, म्हणजे सर्वांत जड गटात, बसतच नाही. त्याच्या खालच्या क्रूझरवेटची मर्यादा सुमारे ९१ किलो आहे. समोर साडेसहा फुटी, ११० किलोंचा, अलीकडच्या काळातला जगज्जेता व्लादिमिर क्लिच्को आणा. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चुकवून मार्सियानोला आत शिरावं लागेल आणि शिरला तरी क्लिच्को त्याला मिठीत जखडून अंगाचं ओझं त्याच्यावर टाकेल. माझ्या मते क्लिच्को जिंकेल.

वजन हेच सगळं असतं असं मात्र नाही. १९१९ मध्ये टोलीडोला जॅक डेम्प्सीने आपल्याहून सुमारे २६ किलोंनी जड जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. २०२४ मध्ये अलेक्झांडर उसिकने आपल्याहून उंच आणि जड, सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीला दोनदा हरवलं. पण डेम्प्सीच्या त्या लढतीत एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पडलेला विलर्ड उठेपर्यंत डेम्प्सी त्याच्या शेजारीच उभा राही आणि तो उठतो न उठतो तोच पुढचा ठोसा हाणे. त्या काळी हे चालायचं. पुढे प्रतिस्पर्धी पडला की तटस्थ कोपऱ्यात जाण्याचा नियम आला आणि १९२७ मध्ये जीन टनी खाली असताना डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला, तेव्हा पंचांनी दहापर्यंतचे आकडे (तेवढ्यात उठला नाही तर हार) मोजायला उशिरा सुरुवात केली. टनी सावरला आणि लढतही जिंकला. म्हणून डेम्प्सीची कल्पित लढत लावणाऱ्याने आधी सांगावं, नियम कुठल्या सालचे? मार्सियानो, अली लढले तेव्हा जगज्जेतेपदाच्या लढतीला १५ फेऱ्या असत. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीतल्या जखमांनी मरण पावला, त्यानंतर त्या १२ वर आल्या. उशिरा दमवून मारणाऱ्या मार्सियानोला त्या तीन फेऱ्या नक्की बोचतील.

आणि शैलीचा पेच तर नियम ठरवूनही सुटत नाही. जो फ्रेझियरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. मग फोरमन अलीला चिरडणारच, हा हिशोब बरोबर वाटतो ना? १९७४ मध्ये किन्शासाला अलीने फोरमनला आठव्या फेरीत लोळवलं. एकाच काळातल्या, एकमेकांना जवळून ओळखणाऱ्या तिघांत हा हिशोब चुकला, तर पन्नास वर्षांच्या अंतरावरून तो कितीसा जुळणार!

दुसरा प्रश्न मला अधिक जवळचा. त्याला कल्पनेची गरज कमी, कारण पुरावा घडून गेलेला आहे. माणसाने आपल्या काळात समोर आलेल्यांचं काय केलं? जो लुईने १९३७ ते १९४९ जगज्जेतेपद राखलं, २५ वेळा. मॅक्स श्मेलिंगने त्याला १९३६ मध्ये बाराव्या फेरीत नॉकआउट केलं होतं; १९३८ मध्ये लुईने त्याला पहिल्याच फेरीत संपवलं. मार्सियानो ४९ लढती लढला, ४९ जिंकला आणि निवृत्त झाला. क्लिच्कोपुढे तो टिकला नसता म्हणून त्या ४९ मधली एकही लढत पुसली जात नाही. उलट क्लिच्को मार्सियानोला हरवेल असं मान्य केल्याने क्लिच्को त्याच्याहून मोठा ठरत नाही. मोठेपणाच्या यादीत मी लुईला वर ठेवतो आणि त्याच दमात म्हणतो की आजच्या तीन-चार जणांकडून तो हरला असता. ही दोन्ही विधानं एकत्र नांदू शकतात.

दोन पिढ्या खरोखर भिडल्या तेव्हाचे निकालही जपून वाचावे लागतात. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने लुईला आठव्या फेरीत नॉकआउट केलं, पण तो ३७ वर्षांचा, ओसरलेला लुई होता. त्यावरून ऐन भरातल्या लुईबद्दल काहीच कळत नाही. फोरमनचं उदाहरण मात्र मला फार मोलाचं वाटतं. १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, त्याने २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या फेरीत नॉकआउट करून जगज्जेतेपद परत मिळवलं. फेऱ्यांमागून फेऱ्या गुणांत मागे पडत होता, पाय मंदावले होते, पण उजव्या हातातली ती ताकद १९७३ चीच होती. जुन्या काळातले बॉक्सर आज उभेही राहिले नसते असं कुणी म्हटलं, की मला तो उजवा हात आठवतो.