‘मध्यम’ हवा: मुंबईच्या धुरक्याची पार्श्वभूमी

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ. पूर्व उपनगरातल्या एखाद्या गच्चीवरून पाहावं तर समोरच्या टॉवरचे वरचे मजले राखाडी पडद्यात गेलेले असतात. घशाला खवखव जाणवते. खाली आजी-आजोबांचा चालायचा ग्रुप नेहमीसारखा निघालेला असतो. फोनवर हवेचा आकडा येतो १६८ आणि त्याखाली, पिवळ्या पट्टीत, शब्द येतो ‘मध्यम’.

गेल्या काही हिवाळ्यांत मुंबईच्या हवेवरून जे आदेश निघाले, जी कामं थांबली आणि जी थांबली नाहीत, त्या सगळ्याच्या मुळाशी हा शब्द आहे. म्हणून या टिपणात त्याला इतर गोष्टींपेक्षा जास्त जागा दिली आहे.

मुंबईला धूर नवा नाही. गिरण्यांची धुराडी वाढली तशी तक्रारही वाढली आणि १९१२ मध्ये इथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. पन्नाशीच्या दशकात माहुल-तुर्भ्याच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने आले. पाठोपाठ वीज केंद्र आणि खताचा कारखाना उभा राहिला, आणि चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १९८१ मध्ये देशाचा हवा प्रदूषण कायदा आला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकेक करून विझली. शतक बदलताना उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे जुन्या डिझेल टॅक्सी सीएनजीवर गेल्या. त्या काळात रस्त्यावर उभं राहणाऱ्याला हा फरक नाकाला कळला होता.

धुराडी गेली, टॅक्सी सुधारल्या, आणि एक समजूत पक्की झाली: दिल्लीचं दिल्लीला, आपल्याला समुद्र आहे. या समजुतीत तथ्य होतंच. दिवसा खारे वारे शहराची हवा धुऊन काढतात. पण रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पाऊस परतला की ऑक्टोबरपासून खाऱ्या वाऱ्यांना यायला दुपार होते, जोरही कमी असतो. थंडीत खालची हवा गार आणि वरची उबदार राहिली की धूळ वर जाऊ शकत नाही. ती रात्रभर साचते आणि पहाटे सर्वांत दाट होते, म्हणजे नेमकी शाळेची बस यायच्या आणि फिरायला जायच्या वेळी.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात हे उघडं पडलं. काही दिवस तर मुंबईचा आकडा दिल्लीच्याही वर गेला. हवामान अभ्यासकांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याच्या स्थितीशी, आणि त्यामुळे मंदावलेल्या वाऱ्यांशी जोडला. ते खरंच आहे. पण वाऱ्याने धूळ नेली नाही एवढंच त्यातून कळतं, ती आली कुठून हे कळत नाही. त्यासाठी जानेवारी २०२१ कडे जावं लागतं. करोनात थंडावलेल्या बांधकाम धंद्याला उभारी द्यायची म्हणून राज्य सरकारने त्या वर्षापुरतं बांधकामाचं अधिमूल्य, म्हणजे परवानगीसाठी बिल्डरांना भरावी लागणारी रक्कम, निम्म्यावर आणलं. सवलतीची मुदत डिसेंबरअखेर संपणार होती, त्यामुळे प्रस्तावांची रांग लागली. एरवी चार-पाच वर्षांत पसरली असती अशी पाडापाडी आणि खोदाई एकाच सुमाराला सुरू झाली. भुयारी मेट्रो, किनारी रस्ता आणि रस्त्यांचं काँक्रिटीकरण चालू होतंच. २०२३ मध्ये पालिकेच्याच हिशोबाने शहरात सुमारे ६,००० बांधकामं सुरू होती. माझ्या मते हवा बिघडण्यात वाऱ्याइतकाच या सवलतीचा वाटा आहे, आणि तो फारसा कोणी मोजलेला नाही.

आता त्या शब्दाकडे. राष्ट्रीय हवा निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. कल्पना चांगली होती: आठ प्रदूषकांची किचकट मापं, त्याऐवजी एक आकडा, एक रंग, एक शब्द. सहा पायऱ्या ठरल्या. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. मूळ घोषणेत तिसऱ्या पायरीचं नाव ‘मध्यम प्रदूषित’ अशा अर्थाचं होतं. पुढे तक्त्यांतून, बातम्यांतून आणि ॲपवरून ‘प्रदूषित’ गळून पडलं आणि नुसतं ‘मध्यम’ उरलं. मराठीत मध्यम म्हणजे बेताचं, चालण्यासारखं. डॉक्टर ‘ताप मध्यम आहे’ म्हणाले की आपण निश्चिंत होतो. हवेलाही आपण तसंच घेतलं.

प्रत्यक्षात ही पायरी कुठे सुरू होते? पीएम २.५ या सूक्ष्म कणांची देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती २००९ मध्ये ठरली. या मायक्रोग्रॅमच्या मापात निर्देशांकाची ‘मध्यम’ पायरी सुरू होते ६१ ला आणि जाते ९० पर्यंत. म्हणजे हवा ‘मध्यम’ झाली त्या क्षणी देशाने स्वतः आखलेली रेघ ओलांडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच कणांसाठी १५ ची रेघ आखली. त्या हिशोबाने आपल्या ‘मध्यम’चं वरचं टोक सहापट आहे. ६५ मायक्रोग्रॅमची हवा आपल्या पट्टीवर सव्वाशेच्या आतली आणि ‘मध्यम’ ठरते, तर अमेरिकी पट्टीवर तीच दीडशेच्या पुढची आणि ‘अनारोग्यकारक’. दोन फोनवर दोन आकडे दिसतात ते यामुळे. यंत्र खोटं बोलत नाही, पट्टी वेगळी आहे.

ही पट्टी सरकारने सैल ठेवली असा आरोप होतो. दुसरी बाजूही मांडली जाते: उत्तर भारतात मैदानी धूळ इतकी आहे की कडक पट्टी लावली तर वर्षातले बहुतेक दिवस वरच्याच पायऱ्यांत जातील आणि इशाऱ्याला अर्थच राहणार नाही. दिल्लीसाठी हा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण दिल्लीच्या धुळीवर बेतलेली पायरी मुंबईला लावली की मुंबईचे बहुतेक वाईट दिवस ‘मध्यम’च्या डब्यात बसतात, आणि नेमकं तेच झालं. त्या पायरीच्या अधिकृत आरोग्य सूचनेत दमा आणि हृदयविकाराचे रुग्ण, लहान मुलं आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो, असं स्पष्ट म्हटलं आहे. ही सूचना बातम्यांत क्वचितच छापून येते. शब्द मात्र रोज येतो.

त्यात सरासरीचा गुंता आहे. दुपारी चारला जाहीर होणारा आकडा मागच्या चोवीस तासांचा असतो आणि शहराचा आकडा सगळ्या केंद्रांची सरासरी. पहाटेचं दाट धुरकं दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात विरघळतं, गोवंडीची हवा दुसऱ्या टोकाच्या हवेत. देवनारच्या कचराभूमीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला त्या सरासरीचा काय उपयोग? १९२७ पासून तिथे शहराचा कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आसपासच्या वस्त्यांना अशा आगींची सवय त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी उच्च न्यायालयाने हवेची दखल स्वतःहून घेतली. त्याच सुमारास पालिकेने नियमावली काढली: उंच इमारतींभोवती ३५ फूट पत्रे, बांधकामावर ओलं हिरवं कापड, पाण्याचे फवारे, राडारोड्याच्या गाड्यांवर ताडपत्री आणि बाहेर पडताना चाकं धुणं. फटाक्यांना न्यायालयाने आधी संध्याकाळी सात ते दहा वेळ दिली आणि चारच दिवसांत ती आठ ते दहावर आणली. चर्चा फटाक्यांची जास्त झाली. पण दिवाळी चार दिवसांची असते आणि डंपर रोज रात्री फिरतात. हिरवं कापड आजही जागोजागी दिसतं. पहिल्या आठवड्यात ओलं असतं, मग कोरडं पडतं आणि वाऱ्यावर फडफडताना स्वतःच धूळ झाडतं.

३० डिसेंबर २०२४ ला पालिकेने पुढचं पाऊल टाकलं. बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात आकडा सतत २०० च्या वर होता, म्हणून तिथली बांधकामं, सरकारी धरून, थांबवण्यात आली. मुंबईत असं आधी झालं नव्हतं. पण रेघ २०० वर आखली गेली, म्हणजे ‘मध्यम’ जिथे संपते तिथे. १९५ च्या वॉर्डात काम चालू, २०५ च्या वॉर्डात बंद. दहा आकड्यांनी कोणाच्या फुप्फुसाला फरक पडत नाही, क्रेनला मात्र पडतो. थोड्याच दिवसांत आकडे उतरले आणि त्या दोन भागांतली बंदी उठली.

जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि भट्ट्यांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिने दिले. धूर खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पुष्कळ भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं आणि पाडलेल्या घरांच्या दारं-खिडक्यांचं रंग लागलेलं लाकूड जळतं, कारण ते स्वस्त मिळतं. मात्र पाववाल्याला आकडा विचारला गेला नाही. हवा १२० असो वा २२०, भट्टी बदलायचीच. पुनर्विकासाच्या मोठ्या जागेला २०० पर्यंतची सूट मिळते, आणि तिथून निघालेलं दार ज्या भट्टीत जळतं तिला नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही हाच पेच आहे. शहरांची प्रगती मोजली जाते ती पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर. रस्ता धुतला, झाडायचं यंत्र फिरवलं की ती खाली येते. रक्तापर्यंत पोचणारा बारीक कण वाहनांतून, भट्ट्यांतून, कारखान्यांतून येतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने बसत नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळस आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिची पानं दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी लागतात. फडकं आधी तांबूस होतं, शेजारच्या प्लॉटच्या मातीने, आणि चोळून धुतलं तरी मागे जो काळा चिकट डाग राहतो तो साबणानेही निघत नाही. गेल्या हिवाळ्यात मी पुसलेल्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या आणि समोर त्या दिवसाचा आकडा लिहिला. जवळजवळ सगळ्या तारखांपुढे ‘मध्यम’ आहे.