शाळेच्या ग्रँटचा हिशोब गावापर्यंत कसा आला

जि.प. शाळेचं काही काम निघालं की गावात आधी वर्गणीची वही फिरते. पत्रे, फरशी, रंग, हल्ली स्मार्ट टीव्ही, सगळ्याला गाव हात लावतं आणि गुरुजी लोक त्याला शैक्षणिक उठाव म्हणतात. ते चांगलंच आहे. पण सरकारकडून किती आले आणि कुठे गेले हे विचारायचा हक्क गावाला कधी मिळाला हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं, म्हणून हे लिहितोय.

मूळ प्रश्न जुना आहे. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात हेच होतं की पैसा भरतो रयत आणि शिक्षण मिळतं वरच्या वर्गाला, म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. म्हणजे शाळेचा पैसा आपलाच आहे ही जाणीव तेव्हापासूनची. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या, पण खोली बांधायची म्हणजे बांधकाम विभाग आणि ठेकेदार, गावाने फक्त उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या. १९८७ च्या खडू-फळा योजनेत दोन खोल्या, दोन शिक्षक असं किमान ठरलं, तरी ठरवणारे वरचेच.

खरा बदल नव्वदीत. पंचायतींना अधिकार देणारी ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९४ ला डीपीईपी म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, ग्राम शिक्षण समित्यांवर भर आला. मग २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान, आणि त्यात बांधकाम ठेकेदाराला न देता समितीने करायचं असा नियम, पैसे थेट समितीच्या खात्यात.

तो काळ मी जवळून बघितलाय. आमच्याकडे दोन खोल्यांचं काम समितीने केलं तेव्हा सिमेंटच्या गोण्या एका पालकाच्या पडवीत होत्या आणि त्याची बायको रोज संध्याकाळी मोजून खडूने दारावर आकडा लिहायची, गोणी कमी पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर चर्चा. स्लॅबच्या दिवशी निम्मं गाव पाणी मारायला. सगळीकडे असं झालं नाही हेही खरं, एका शाळेत अध्यक्षांच्या कोऱ्या चेकवर आधीच सह्या घेतलेल्या मी स्वतः पाहिल्यात आणि सदस्य बाईंना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं. याची मला आजही चीड येते.

२००५ ला माहिती अधिकार आला. १ एप्रिल २०१० पासून आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला सक्तीच्या केल्या, अनुदान कसं वापरलं जातंय यावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम असं कायद्यातच लिहिलंय. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडाही समितीनेच करायचा. मुख्याध्यापक सचिव, अध्यक्ष पालकांमधला.

२०१८ ला सर्व शिक्षा अभियानाच्या जागी समग्र शिक्षा ही योजना आली, वेगवेगळ्या छोट्या ग्रँट जाऊन एकच संयुक्त अनुदान झालं, ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंत, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एका नोडल म्हणजे मुख्य खात्यात राहू लागला, खाली शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळू लागली. यामुळे पडून राहणारा पैसा कमी झाला असेल, पण पूर्वी पासबुक उघडलं की रक्कम समोर दिसायची, आता ती ऑनलाइन गेली आणि शेतावरून येणाऱ्या आईला तर अजूनच लांब गेली.

म्हणून मला तो भिंतीवरचा फळा फार महत्त्वाचा वाटतो, ज्यावर मिळालेलं अनुदान आणि खर्च लिहायचा असतो. पुष्कळ शाळांत तो आहे, फक्त त्यावरचं साल बघा. आणि आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी व्हायला हवा, म्हणजे डिसेंबरच्या मीटिंगला जाऊन तो मागा, मार्चमध्ये सहीपुरता समोर येतो तेव्हा त्यात बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं.