बंद ठेवलेल्या जुन्या स्मार्टफोनची बॅटरी उतरणे

स्विच ऑफ करून ठेवलेल्या फोनच्या बॅटरीतला चार्ज वापराविना हळूहळू कमी होत जाण्याची क्रिया. बॅटरी चांगली असेल तर ही घट महिन्याला साधारण दोन ते चार टक्के असते. चार-पाच वर्षे वापरलेला फोन मात्र पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवला, तरी काही महिन्यांनी बटण दाबल्यावर उठत नाही. अशा वेळी ‘आत काहीतरी चालू राहिलं असणार’ असा संशय घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही, पण जुन्या फोनमध्ये बहुतेक वेळा बॅटरीच थकलेली असते.

१९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी या बाबतीत आधीच्या बॅटऱ्यांपेक्षा कितीतरी उजवी ठरली. जुन्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा महिन्याला वीस-तीस टक्के चार्ज नुसता ठेवून उडून जाई. लिथियम-आयनमध्ये हे स्वविसर्जन एक-दोन टक्क्यांवर आले. ग्रॅफाइटच्या ऋण अग्रात (इलेक्ट्रोडमध्ये) साठलेले लिथियम आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतला आयन वाहून नेणारा द्रव, यांच्यामध्ये एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच दोघांमधली अभिक्रिया रोखून धरतो. हा थर पूर्णपणे अभेद्य नसल्यामुळे थोडी अभिक्रिया चालूच राहते. तिच्यात गेलेल्या चार्जपैकी काही भाग पुन्हा चार्ज करून भरून निघतो, काही लिथियम मात्र कायमचे अडकते आणि बॅटरीची क्षमताच घटते.

उष्णतेने हे सारे वेगाने घडते. नेहमी दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार ४० टक्के चार्ज असलेली बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण चार्ज करून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ वर येतात. विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात ४० अंश म्हणजे काही प्रयोगशाळेतली टोकाची स्थिती नव्हे.

आता ‘बंद’ म्हणजे किती बंद, हे पाहू. पॉवर बटण दाबले गेले की ते ओळखायला कोणीतरी जागे असावे लागते. ते काम वीजपुरवठा सांभाळणारी चिप करते. शिवाय तारीख-वेळ राखणारे घड्याळ आणि बॅटरीचे संरक्षक सर्किटही किंचित वीज घेत असतात. समजा, सगळे मिळून १०० मायक्रोअँपिअर खर्च होतात. म्हणजे दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ मिलीअँपिअर-तास. ३,००० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीच्या जेमतेम अडीच टक्के. नोकियाचे जुने हँडसेट बंद असतानाही गजर वाजवत, ते याच जाग्या राहिलेल्या घड्याळामुळे. २०२१ च्या आयओएस १५ पासून अनेक आयफोन बंद केल्यावरही शोधता येतात. ही सोय नको असेल तर फोन बंद करतानाच ती काढता येते. कारखान्यातून निघणाऱ्या अनेक उपकरणांमध्ये ‘शिप मोड’ असतो. त्यात चार्जिंगची चिप बॅटरीला उरलेल्या सर्किटपासून जवळपास तोडूनच टाकते. नेहमीच्या स्विच ऑफमध्ये तसे होत नाही.

जुन्या फोनमध्ये यात आणखी भर पडते. क्षमता निम्म्यावर आली असेल, तर तेवढीच गळती टक्क्यांत दुप्पट दिसते. बॅटरीच्या सेलच्या आत सूक्ष्म शॉर्ट तयार झालेले असू शकतात. मदरबोर्डवर ओल शिरून गेली असेल, तर तिथूनही वीज झिरपते. हे ओळखायची दुरुस्तीवाल्यांची रीत सोपी आहे : बॅटरी काढून बोर्डाला डीसी पॉवर सप्लाय जोडायचा आणि पॉवर बटणाला हात न लावता मीटर पाहायचा. आकडा जवळपास शून्यावर थांबला तर बोर्ड निर्दोष. थोडा करंट दिसला तर कारागीर त्याला ‘हाफ शॉर्टिंग’ म्हणतात. काही वेळा तर चार्ज गेलेलाच नसतो, टक्केवारीच चुकीची असते. थकलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. त्यामुळे पडद्यावर ३० टक्के दिसत असतानाही फोन सुरू होतानाच्या ताणाने व्होल्टेज कोसळते आणि तो बंद पडतो.

चार्ज शून्यावर येण्यापेक्षा त्यानंतरही तसेच पडून राहणे बॅटरीला अधिक घातक असते. फोन साधारण ३ ते ३.४ व्होल्टला बंद होतो आणि संरक्षक सर्किट २.५ व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडते, पण स्वविसर्जन तिथे थांबत नाही. व्होल्टेज आणखी बरेच खाली गेले की ऋण अग्रामागचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना तेच तांबे भलतीकडे साचून आत शॉर्ट करू शकते. म्हणूनच पूर्ण उतरलेल्या बॅटरीला चार्जर आधी अगदी कमी प्रवाह देतो. फोन पंधरा-वीस मिनिटे मेल्यासारखा दिसला तरी तेवढ्यावरून तो गेला असे ठरवू नये. बाजारातल्या ‘बूस्टर’ने जोर लावून अशी बॅटरी उठवण्यात मात्र शहाणपण नाही.

फोन दीर्घकाळ ठेवायचा असल्यास सुमारे ५० टक्के चार्ज करून, बंद करून, ३२ अंशांहून कमी तापमानाच्या कोरड्या जागी ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा ५० टक्क्यांवर आणावा, असे अ‍ॅपल सांगते. इतर कंपन्यांच्या फोनलाही हे लागू पडते. मागचे झाकण उघडणाऱ्या जुन्या फोनची बॅटरी काढून ठेवली की बोर्डाचा खर्च वाचतो. राहते ते फक्त स्वविसर्जन. घड्याळाची वीज पूर्ण गेलेला अँड्रॉइड फोन कधीकधी १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवत सुरू होतो. ती दुरुस्त होईपर्यंत बऱ्याच वेबसाइट सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करतात. झाकण वर आलेले दिसले किंवा पडदा उचलला गेला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून फोन चार्जिंगला न लावता ई-कचरा संकलनाकडे द्यावा. भारतात अशा बॅटऱ्यांची विल्हेवाट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली येते आणि ती लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.