टोपडं, दुपटं आणि चमचाभर पाणी

माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी जानेवारीतली तारीख दिलीये. सातव्यात डोहाळजेवण झालं आणि ती माहेरी आली, तेव्हापासून कोथरूडच्या आमच्या घरात दुसरा विषयच नाही. आईने तुळशीबागेतून झबली, लंगोट, टोपडी आणली, माळ्यावरची ट्रंक उघडून आजीच्या नऊवारीची गोधडी काढली, दोनदा धुवून उन्हात टाकली. मी मात्र गेले दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीतला थर्मामीटर बघतोय. परवा पहाटे साडेपाचला त्यात १८ होते. आपण शाल घेतली की भागतं, पण तीन किलोच्या जिवासाठी १८ म्हणजे काय हे घरात सगळ्यांना नीट कळायला हवं असं मला फार वाटतंय, म्हणून हे लिहितोय.

पोटात बाळाला थंडी माहीतच नसते. आईच्या अंगापेक्षा बाळाचं अंग साधारण अर्धा डिग्री गरमच असतं. आणि तिथून ते बाहेर येतं ते ओलंचिंब. आता माठ आठवा, माठातून झिरपलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं म्हणून माठ गार राहतो, ओल्या बाळाचं अगदी तेच होतं. मी कागदावर ढोबळ हिशोब केला. एक ग्रॅम पाणी उडायला अंदाजे ५८० कॅलरी उष्णता लागते (डब्यांवर छापतात त्या नव्हे, त्याच्या हजाराव्या भागाएवढ्या छोट्या कॅलरी), आणि तीन किलोच्या बाळाचं अंग एका डिग्रीने उतरायला अडीच हजार कॅलरी जाव्या लागतात. म्हणजे चहाचा एक चमचा, पाच ग्रॅम पाणी अंगावरून उडालं आणि शरीराने भरपाई केली नाही तर बाळ एक डिग्रीने गार! जन्मल्या जन्मल्या बाळाला कोरड्या गरम कापडाने पुसतात आणि ते ओलं कापड लगेच बाजूला काढतात ते यासाठी.

दुसरी अडचण आकाराची. कढत पाण्याचा हंडा तासभर गरम राहतो, तेच पाणी फुलपात्रात काढलं की बघता बघता कोमट होतं. बाळ म्हणजे फुलपात्र. वजनाच्या मानाने त्याची कातडी मोठ्या माणसाच्या जवळपास अडीच पट असते, उष्णता बाहेर जायला तेवढी वाट. त्यातही डोकं मोठं, अंगाच्या एकूण कातडीचा पाचवा भाग नुसत्या डोक्याचा, म्हणून जन्मल्यावर लगेच टोपडं. आणि थंड भिंत नुसती जवळ असली, शिवलीसुद्धा नाही, तरी बाळाच्या अंगातली ऊब तिच्याकडे जात राहते, त्यामुळे पाळणा बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला लागून ठेवायचाच नाही.

बरं, आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून ऊब तयार होते, बाळाला ते नीट जमत नाही. त्याच्याकडे दुसरी सोय आहे, तपकिरी चरबी. खांद्यांच्या मधे, मानेशी, मूत्रपिंडांभोवती ती साठलेली असते आणि तिचं काम एकच, जळायचं आणि थेट उष्णता द्यायची. मला ही गोष्ट विलक्षण वाटते, पोटात जिची काही गरज नाही अशी शेगडी शरीर महिनोन्महिने आधी भरून ठेवतं. पण ती पेटली की ऑक्सिजन आणि साखर दोन्ही खाते, म्हणून गारठलेल्या बाळाची साखर उतरते, ते मलूल होतं, ओढून पीत नाही, आणि पिणं कमी झालं की अजून गारठतं. लवकर जन्मलेल्या बाळाकडे तर ही चरबी फारच थोडी.

आमच्याकडे बाळ जन्मलं की लगेच आंघोळ घालायची पद्धत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते पहिली आंघोळ २४ तासांनंतर, का ते वरच्या चमच्याच्या हिशोबावरून कळेलच. अंगावरचा पांढरा चिकट थर म्हणजे घाण नाही, ते कातडीचं संरक्षण आहे, राहू द्यावा.

सगळ्यात चांगला हीटर मात्र विकत मिळत नाही. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे सनाब्रिया या डॉक्टरांनी, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून, कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली, तीच कांगारू पद्धत. २०२१ मध्ये पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच, तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता, असं धरलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. पूर्ण दिवसांच्या बाळालाही पहिला तास छातीशीच ठेवावं. बाबाची छातीही चालते हे मी जावईबापूंना सांगून ठेवलंय.

आईशी बोलणं अवघड गेलं ते शेगडीवरून. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे, वर ओवा-वेखंडाची धुरी, "तुम्ही दोघं यावरच वाढलात" असं ती म्हणाली, आणि ते खरंही आहे. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. जुन्या वाड्याच्या दारं-खिडक्यांना फटी होत्या, आमच्या फ्लॅटच्या स्लायडिंग खिडक्या घट्ट बसतात. शेवटी शेगडी रद्द, ऑइलवाला हीटर ठरला. गोधडीचं असं ठरलं की मांडीवर घेताना खुशाल गुंडाळायची, पण झोपवताना बाळ उताणं, गादी सपाट, आणि जवळ गोधडी नाही, लोड नाही, राईची उशीही नाही, कारण तोंडावर आलेलं काही बाळाला स्वतः बाजूला सारता येत नाही. घरात झोपताना टोपडंही काढायचं, फार ऊब झाली तर ती बाहेर जायला डोकं मोकळं हवं.

आणि बाळाला थंडी वाजतेय का हे बघायला दर वेळी त्याला थर्मामीटर लावायला नको. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला लावायची. दोन्ही गरम तर ठीक. पोट गरम, पाय गार असतील तर थंडी वाजतेय, उघड्या छातीशी घ्या. दोन्ही गार तर छातीशी धरून तसंच दवाखाना गाठा. आई परवा शेजारच्या दोन महिन्यांच्या बाळावर हे करून बघून आली.

काल आम्ही पलंग आतल्या भिंतीकडे सरकवला, जाड पडदे लावले. आज पहाटे थर्मामीटरमध्ये २१ होते. २५ पाहिजेत, आज रात्री हीटर लावून बघतो.