उन्हाळ्यात कायोटी हाकेला का धावतो?

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला, आपल्या कोल्ह्याचा जवळचा नातलग. त्याची शिकार मुख्यतः हिवाळ्यात होते. तेव्हा अंगावरची लव दाट असते, कातड्याला भाव येतो आणि थंडीत खायला कमी मिळत असल्याने प्राणी भुकेला असतो. शिकारी झुडपाआड दबा धरून बसतो, जखमी सशाची किंकाळी काढतो आणि कायोटी आयत्या घासाच्या आशेने जवळ येतो. मे ते ऑगस्टमध्ये मात्र उंदीर, हरणांची पाडसं, टोळ, रानफळं असं सगळं मुबलक असतं. कातडंही विरळ झालेलं, विकायच्या लायकीचं नसतं. तरीही या दिवसांत कायोटी आवाजाला येतो, कधी कधी तर हिवाळ्यापेक्षाही जोरात धावत येतो. त्याला ओढून आणतात ती त्याची पिल्लं.

कायोटीची जोडी जानेवारी ते मार्चमध्ये जुगते. साधारण 63 दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, बिळात सरासरी सहा पिल्लं जन्मतात. तीन आठवड्यांची झाली की ती बिळाच्या तोंडाशी येऊन खेळू लागतात. नर आणि मादी दोघंही शिकार करून आणतात आणि पोटातलं अन्न ओकून त्यांना भरवतात. शरद ऋतूत पिल्लं पांगू लागेपर्यंत जोडी आपल्या हद्दीत परका कायोटी सहसा खपवून घेत नाही.

शिकाऱ्याच्या हातात असते ती बोटभर लांबीची नळी आणि तिच्यावर बसवलेली प्लास्टिकची पातळ पट्टी. पट्टीच्या टोकाशी ओठ दाबला की बारीक, चिरका आवाज निघतो. ओठ मागे सरकवला की तोच आवाज खोल जाऊन हेल काढू लागतो. त्यामुळे एकाच नळीतून केकाटणारं पिल्लू वाजवता येतं आणि हद्दीत घुसलेला परका कायोटीही. फिलिप लेनर या संशोधकाने 1978 साली कायोटीचे अकरा प्रकारचे आवाज वेगळे करून दाखवले. गुरगुरणं, फिस्कारणं, कुईकुई, एकट्याचा हेल, सगळ्यांची मिळून कोल्हेकुई असे ते प्रकार. त्यातला भुंकत भुंकत काढलेला हेल जून महिन्यात ऐकू आला, तर अनुभवी शिकारी समजून जातो की आपण दिसलो आहोत आणि बीळ बहुधा जवळच आहे. एरवी कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही. वळसा घालून तो वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातो आणि आधी वास घेतो. पिल्लाचं केकाटणं ऐकल्यावर मात्र ही सावधगिरी अनेकदा सुटते. मला ही गोष्ट विलक्षण वाटते आणि अस्वस्थही करते, कारण इथे शिकारी त्या प्राण्याच्या पालकपणालाच हात घालतो.

उन्हाळ्यात वेळ साधणंही महत्त्वाचं, आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो: शून्य अंशाला सेकंदाला सुमारे 331 मीटर, तर 40 अंशाला 355 मीटर. दुपारी जमिनीलगतची हवा सर्वांत तापलेली आणि वरची त्यामानाने थंड असते. त्यामुळे ध्वनिलहरींचा खालचा भाग पुढे धावतो आणि लहर वर वळते. थोड्या अंतरावर जमिनीजवळ आवाजाची ‘सावली’ पडते आणि तिथला कायोटी काहीच ऐकत नाही. पहाटे उलट होतं. रात्रभर निवलेल्या जमिनीवर थंड हवेचा थर बसतो, वर उबदार हवा असते आणि लहर खाली वळून दूरवर पोचते. वाराही तेव्हा बहुधा पडलेला असतो. उष्णता टाळणारा कायोटी याच वेळी हिंडत असल्याने पहाटेची घटकाभर वेळ अख्ख्या दुपारपेक्षा मोलाची ठरते.

पण कातडं विकायचं नसेल, तर या मोसमात शिकार कशासाठी? उत्तर मेंढपाळांकडे आहे. कोकरं जन्मतात त्याच सुमारास कायोटीला सहा तोंडं भरवायची असतात. कॅलिफोर्नियातल्या हॉपलँड इथल्या संशोधन केंद्रात असं आढळलं, की मेंढ्या मारणारे बहुतेक कायोटी हद्द राखून असलेल्या, वीण करणाऱ्या जोड्यांपैकी असतात. भटक्यांचा वाटा किरकोळ. त्याआधी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर बिळातली फक्त पिल्लं काढली आणि आईबाप तसेच सोडले, तरी मेंढ्यांवरचे हल्ले झपाट्याने घटले. भरवायला पिल्लंच नसतील, तर मोठं जनावर पाडण्याची गरजही ओसरते.

म्हणूनच दिसेल तो कायोटी टिपण्याला मला काही अर्थ दिसत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याची ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ ही शाखा अलीकडच्या वर्षांत दरवर्षी 60 हजारांच्या आसपास कायोटी मारते, शिवाय खासगी शिकारी वेगळेच. तरीही हा प्राणी हवाई सोडून सगळ्या राज्यांत आणि दक्षिणेला पनामापर्यंत पसरला आहे. 1975 साली कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी गणिती प्रतिमान मांडलं. त्यानुसार दरवर्षी 75 टक्के कायोटी मारले, तरच जात नष्ट होईल, आणि त्यालाही 50 वर्षांहून जास्त काळ लागेल. संख्या घटली की उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, अधिक तरुण माद्या वितात, अधिक पिल्लं जगतात. रिकाम्या हद्दीत नवी जोडी येते, आणि ती आधीच्यांपेक्षा जास्त मेंढ्या मारणारी असू शकते. दूध पिणाऱ्या पिल्लांची आई मारली गेली, तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. हा हिशेब कुठल्याच आकडेवारीत येत नाही, पण तो मांडायलाच हवा.

एरिक गेसी आणि कॅसिटी ब्रॉमली यांनी युटा राज्यात वेगळा मार्ग तपासला आणि निष्कर्ष 2001 साली मांडले. त्यांनी काही जोड्यांची नसबंदी केली, पण संप्रेरकं शाबूत ठेवली. या जोड्या एकत्र राहिल्या, त्यांनी हद्द राखली आणि वीण करणाऱ्या जोड्यांपेक्षा कमी कोकरं मारली. खर्च मोठा आहे, कारण प्रत्येक कायोटी आधी जिवंत पकडावा लागतो. छोट्या मेंढपाळाला अजून तरी कळपाबरोबर वाढवलेला राखणदार कुत्रा आणि रात्री बंद होणारा वाडा हेच परवडतं.