मुंबईचे अग्निशमन दल आणि पोलीस

मुंबईत आग विझवणे आणि अडकलेल्यांची सुटका करणे हे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाचे काम. त्याच जागेवरची गर्दी आवरणे, रस्ता मोकळा ठेवणे, मृतांची नोंद करणे आणि गुन्ह्याचा तपास करणे हे मुंबई पोलिसांचे. दल पालिकेचे आणि पोलीस राज्य शासनाचे, त्यामुळे एकाच आगीवर दोन वेगवेगळ्या मालकांची माणसे राबत असतात. कागदावर ही विभागणी सोपी दिसते. गल्लीत ती तितकी सोपी राहत नाही.

ही विभागणी मुळातली नाही. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्ट भागातल्या, वस्तीचा मोठा भाग जळाला, तेव्हा शहरात स्वतंत्र दल नव्हते. पुढे १८५५ च्या सुमारास घोड्यांनी ओढायचे बंब आले. ते पोलिसांच्या ताब्यात होते आणि चोर पकडणारा शिपाईच वेळ पडली की आगीवर धावे. १८८७ मध्ये हे काम नगरपालिकेकडे आले. १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने तर आग विझवणे आणि आगीत जीवित व मालमत्ता वाचवणे ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली. दलाचे मुख्यालय भायखळ्याला आहे.

दलाच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस १४ एप्रिल १९४४ चा. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी रचल्या होत्या. दुपारी धूर दिसला. जवान गाठींवर पाणी मारत राहिले, पण आगीचा उगम हाती लागेना. चारच्या थोडे पुढे पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मांडवीपर्यंतची वखारी-घरे पेटली, शेकडो माणसे मेली, त्यांत दलाचे ६६ जण होते. युद्धकाळात धोक्याचा माल शहराच्या कुशीत उतरवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता; तो निस्तरायला मात्र तेच पुढे होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आज आगीची वर्दी १०१ वर येते. ११२ हा क्रमांक सर्व तातडीच्या सेवांसाठी आहे आणि १९१६ वर पालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष बोलतो. जवळच्या केंद्रातून गाडी निघते. घटनास्थळी पोचलेला अधिकारी आगीला नंबर देतो. एक नंबर म्हणजे किरकोळ. नंबर वाढला की इतर केंद्रांतून बंब, जंबो टँकर, शिडीच्या गाड्या मागवल्या जातात. धुरात शिरणारा जवान पाठीवर हवेचा सिलिंडर बांधतो, कारण आगीत माणसे बहुधा जळण्याआधी गुदमरतात. स्थानिक ठाण्याचे पोलीस दोरी लावून बघ्यांना मागे सारतात, वाहतूक शाखा रस्ता वळवते. हे काम बातमीत येत नाही, पण ते चुकले तर बंबाला चौकातच थांबावे लागते. आग विझल्यावर पंचनामा, अपघाती मृत्यूची नोंद आणि निष्काळजीपणा दिसला तर गुन्हा, ही पोलिसांची पाळी. कमला मिल आवारातल्या आगीत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर १४ जणांचा जीव गेला, तेव्हा तिथल्या पबच्या मालकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलात गोळीबार सुरू असताना जवानांनी शिड्या लावून खिडक्यांतून पाहुणे उतरवले. त्या रात्री आगीचे आणि बंदुकीचे काम वेगळे काढताच येत नव्हते.

एरव्ही दलाचे काम आगीपुरते नसते. पावसाळ्यात झाडे आणि इमारती कोसळतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात इमारत पडून ३३ जण गेले. संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेल्या पक्ष्यांसाठी फोन येतात. लिफ्टमध्ये अडकलेले रहिवासी, गॅसगळती, चौपाट्यांवरचे जीवरक्षक हेही दलाकडेच. विसर्जनाच्या दिवशी वाळूवर जीवरक्षक आणि पोलीस शेजारी शेजारी उभे असतात.

प्रतिबंधाची बाजू मात्र कच्ची आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा वापरणाऱ्याची. जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दलाला द्यायचे असते. अनेक सोसायट्यांसाठी हा देखभालीचा नव्हे, फाइलचा विषय ठरतो. उंच इमारतींत रेफ्युजची, म्हणजे आगीत रहिवाशांनी आसरा घ्यायची, जागा मोकळी हवी, तिथे सायकली आणि जुने फर्निचर असते.

खरी परीक्षा दक्षिण मुंबईच्या जुन्या पेठांत होते. काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार इथे लाकडी जिन्यांच्या इमारतींत दुकाने, गोदामे, सोन्याच्या कारागिरांच्या भट्ट्या आणि गॅसचे सिलिंडर एकाच छपराखाली असतात. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि ती कोसळली. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्या आगीत गेले. दोघे जागीच, दोघे पुढे रुग्णालयात. उंच टॉवरसाठी ९० मीटरची शिडी दलाकडे आहे, पण अशा गल्ल्यांत तिचा उपयोग नाही. तिथे गाडी शिरावी म्हणून उभी वाहने हटवणे वाहतूक पोलिसांचे काम, फुटपाथवरची अतिक्रमणे काढणे पालिकेच्या वॉर्ड कार्यालयाचे आणि पाइप ओढत आत जाणे जवानांचे.